मृगाआधीची वखरणी

नोकरपेशातील आणि विद्यार्थिदशेतील माणसाच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: ‘एकदा ते होऊ दे, मग पाहू.’ विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘ते’ म्हणजे निकाल, उमेदवाराच्या बाबतीत नेमणुकीचा आदेश, तात्पुरत्या जागेवरील शिक्षकाच्या बाबतीत कायम होणे, कारकुनाच्या बाबतीत बदली किंवा बढती. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाच्या बाबतीत ‘ते’ म्हणजे सेवानिवृत्ती. हे एक पद सुटले की बाकीचे गणित आपोआप सुटेल, असा प्रत्येकाचा समज असतो. तोवर वाचायचे पुस्तक फडताळात राहते, शिकायची भाषा पुढच्या वर्षावर जाते, गावातले एखादे काम हाती घ्यायचे असते तेही लांबणीवर पडते. वाट पाहण्यात वर्ष जाते, मग दुसरेही जाते. अशा सगळ्या प्रतीक्षांची बेरीज केली, तर तीच आयुष्याचा मोठा हिस्सा ठरते.

याला आळस म्हणून मोकळे होणे अन्यायाचे होईल. मोठ्या बदलाची वाट पाहणारा माणूस बहुधा आळशी नसतो. तो अस्वस्थ असतो. हाती असलेले दिवस त्याला स्वतःचे वाटत नाहीत. ते उसने आणलेले, कधीही परत मागितले जातील असे वाटतात. भाड्याच्या घराच्या भिंतीला रंग देण्याची हौस कोणाला असते? तसेच प्रतीक्षेतील दिवसांचेही होते. म्हणून प्रश्न उद्योगीपणाचा एकटा नाही. ज्या दिवसांचा धनी आपण नाही असे वाटते, त्या दिवसांत कोणते काम करावे, आणि ते कशाच्या भरवशावर करावे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचित सापडेल. तेथील शेतकरी दरवर्षी दोन महिने वाट पाहतो, आणि त्याच जिल्ह्याच्या भूमीवर एका राष्ट्रानेही काही वर्षे वाट पाहिली आहे.

वखरणी आणि धूळपेरणी

कपाशीची उलंगवाडी होते, पऱ्हाट्या निघतात, आणि शेत उघडे पडते. तेथपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ वर्ध्याच्या शेतकऱ्यासाठी निव्वळ प्रतीक्षेचा असतो. ऊन अंग भाजून काढते, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि वर्षाचे सारे भवितव्य ज्या पावसावर अवलंबून आहे तो कोणाच्याही हुकमतीत नसतो. पंचांगात मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. पाऊस मात्र पंचांग वाचून येत नाही. कधी तो वेळेवर येतो, कधी आर्द्रा लागल्या तरी तोंड दाखवत नाही.

या काळात शेतकरी तीन प्रकारे वागू शकतो. पहिला प्रकार म्हणजे आभाळाकडे डोळे लावून ओसरीवर बसणे. दुसरा प्रकार धूळपेरणीचा. पाऊस अमुक दिवशी येणारच असे धरून कोरड्या मातीत बी टाकायचे. अंदाज बरोबर ठरला तर पीक इतरांच्या आधी उभे राहते. चुकला तर, किंवा एक सर येऊन पुढे उघाड पडली तर, बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी नवे कर्ज काढावे लागते. तिसरा प्रकार वखरणीचा. धसकटे वेचायची, धुऱ्यावरची झुडपे काढायची, शेणखत पसरायचे आणि वखराच्या पाळ्या द्यायच्या. या कामाचे वैशिष्ट्य असे, की ते पावसाच्या तारखेवर अवलंबून नाही. पाऊस आठ दिवस आधी आला तरी जमीन तयार असते, पंधरा दिवस उशिरा आला तरी केलेली मशागत फुकट जात नाही. तणांची मुळे उन्हात करपलेली असतात, ढेकळे फुटलेली असतात, येणारे पाणी मुरायला जागा झालेली असते.

माणसाच्या प्रतीक्षेलाही हे तीनच मार्ग खुले असतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि त्याची निंदाही सर्वजण करतात. दुसऱ्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, कारण तो वरून मोठ्या उद्योगाचा दिसतो. एकाच परीक्षेच्या एकाच तारखेवर सर्व काही लावून बसलेला तरुण दिवसाचे बारा तास अभ्यास करीत असतो. त्याला रिकामा कोण म्हणेल? परंतु ती परीक्षा पुढे गेली किंवा दोन गुणांनी हुकली, तर त्या बारा तासांतले त्याच्या हाती काय उरते? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती धूळपेरणी होती. उद्योग आणि उपयुक्त उद्योग यांत एवढे अंतर असते.

एका वर्षाचे स्वराज्य

राष्ट्राच्या जीवनातही धूळपेरणीचा एक प्रसंग येऊन गेला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्याचे स्वागताध्यक्ष होते. असहकाराच्या कार्यक्रमावर तेथे शिक्कामोर्तब झाले, आणि कार्यक्रम पुरा पाळला तर वर्षाच्या आत स्वराज्य मिळेल, हे गांधीजींचे आश्वासन देशभर दुमदुमले. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली, वकिलांनी सनदा टाकल्या. वर्ष संपले, स्वराज्य आले नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर आंदोलन थांबवले गेले. आश्वासनाला अटी होत्या, हे खरे. पण लोकांच्या मनात अट राहिली नाही, तारीख तेवढी राहिली. तारीख उलटल्यावर जी निराशा देशावर पसरली, ती ओसरायला पुढची कितीतरी वर्षे लागली.

त्याच वर्षात, एप्रिल १९२१ मध्ये, जमनालालजींच्या आग्रहावरून सत्याग्रहाश्रमाची शाखा चालवण्यासाठी पंचविशीतले विनोबा भावे वर्ध्याला आले. देश एका वर्षाचा हिशेब करीत असताना विनोबांनी आरंभलेल्या कामाला मुदतच नव्हती. कातणे, विणणे, शेती, अध्ययन, अध्यापन, भंगीकाम असा तो दिनक्रम होता. पुढे ते नालवाडीला हरिजन वस्तीजवळ राहायला गेले आणि सूत कातून जी मजुरी पडेल तिच्यावर गुजराण करण्याचा प्रयोग त्यांनी केला. देशातील कातणाऱ्या बाईला किती मिळते हे आकड्यांनी सांगता आले असते. त्यांनी ते स्वतःच्या पोटाने मोजले.

अशी साडेएकोणीस वर्षे गेली. ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांचे नाव जाहीर केले, तेव्हा देशाने विचारले, हे विनोबा कोण? त्याचे उत्तर देण्यासाठी गांधीजींना ‘हरिजन’मध्ये त्यांचा परिचय करून देणारा लेख लिहावा लागला. १७ ऑक्टोबरला पवनारला सत्याग्रहाचा प्रारंभ झाला. हाक आली तेव्हा माणूस तयार होता, आणि हाक आली नसती तरी त्याच्या एकोणीस वर्षांतला एकही दिवस वाया गेला असे म्हणता आले नसते. त्या दिवसांचे मोल त्यांनी कोणत्याही हाकेकडून उधार घेतले नव्हते.

गीताईची कथा याच जातीची आहे. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत हवी, असे विनोबांच्या आई रुक्मिणीबाई १९१५ च्या सुमारास त्यांना म्हणाल्या होत्या. १९१८ मध्ये त्या वारल्या. प्रत्यक्ष लेखन सुरू झाले ते ऑक्टोबर १९३० मध्ये, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये सातशे श्लोकांचे समश्लोकी भाषांतर पुरे झाले. चार महिन्यांचे ते लेखन पंधरा वर्षांच्या मशागतीवर उभे होते. ज्या माऊलीने मागणी केली ती ते वाचायला राहिली नाही. मराठी घरांत मात्र ते पिढ्यानुपिढ्या वाचले गेले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. शिक्षा भोगणाऱ्या माणसांची ती सक्तीची प्रतीक्षा होती. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तिच्यातून निघाले.

सेवाग्रामची वर्षे

स्वतः गांधीजींची वर्ध्यातील वर्षे म्हणजे तर प्रतीक्षेच्या शास्त्राचा पाठच होता. १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीच्या आश्रमात परतणार नाही, असे त्यांनी ठरवले होते. मिठाच्या सत्याग्रहाने देश हलला, गोलमेज परिषद झाली, पुन्हा तुरुंग झाला, आणि १९३४ मध्ये सविनय कायदेभंग थांबला. स्वराज्य अद्याप दूर होते. घर सोडलेले, लढा थांबलेला आणि वय पासष्ट; अशा स्थितीत हा माणूस वर्ध्याला स्थिरावला.

या वेळी तारखेचे आश्वासन नव्हते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद आणि मधमाशापालन यांचे प्रयोग चालू झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला गेले. गाव हिवतापाचे, वाट चिखलाची. त्याच वर्षी त्यांना स्वतःला हिवतापाने गाठले. सचिव महादेवभाई देसाई उन्हातान्हात मगनवाडीहून शेगावपर्यंत आठ-नऊ किलोमीटर पायी जात आणि तितकेच परत येत. संतांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे, ही योजना तेथे पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. स्वराज्य दहा वर्षे दूर असताना स्वतंत्र देशातील मुले काय आणि कसे शिकतील, याचा तपशील वर्ध्यात ठरत होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय उघडले. कुष्ठरोगाने पीडित संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा करू लागले. आणि वर्ध्याजवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांचे कुष्ठसेवेचे काम १९३६ पासून चालू होते.

या सर्व कामांकडे त्या काळीही अनेकांनी कुत्सितपणे पाहिले. साम्राज्याशी झुंजणाऱ्या नेत्याने तांदूळ हाताने सडावा की गिरणीत, यावर वेळ घालवावा का, असा तो सवाल होता. डिसेंबर १९४१ मध्ये बारडोलीला जाताना आगगाडीत लिहिलेल्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत या सवालाचे उत्तर आहे. पहिल्या आवृत्तीत तेरा कलमे होती, १९४५ मध्ये ती अठरा झाली. खादी, ग्रामसफाई, प्रौढशिक्षण, आरोग्य, स्त्रियांची स्थिती, आर्थिक समता, कुष्ठसेवा अशी ती कलमे. पुस्तिकेचे सार असे, की ही कामे पुरी होणे हेच स्वराज्य. म्हणजे हा कार्यक्रम उद्याच्या मोठ्या घटनेची तालीम नव्हता. घटना येण्याआधीच तिचा जो भाग आपल्या हाताने घडू शकतो, तो घडवून ठेवणे असे त्याचे स्वरूप होते. स्वच्छ झालेले गाव, अक्षर शिकलेली बाई, स्पर्शाला पारखा न राहिलेला रोगी यांना ब्रिटिशांच्या जाण्याची वाट पाहावी लागली नाही.

आणि या सगळ्यात मूळ मागणी कोठेही सैल पडली नाही. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्तेने भारतातून निघून जावे असा ठराव केला, तो वर्ध्यातच. महिन्याभरात देश पेटला. १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातील आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले आणि गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. चरखा चालवणारे लोक समाधानी असतात, त्यांना काही मागायचे नसते, अशी समजूत ज्यांनी करून घेतली होती, त्यांचा भ्रम त्या महिन्यात फिटला.

आजचे उमेदवार

ही शेवटची गोष्ट आजच्या संदर्भात अधिक महत्त्वाची आहे. प्रतीक्षेत काम करावे, हा उपदेश सोपा आहे, आणि वाट पाहायला लावणाऱ्यांच्या तो फार सोयीचा आहे. राज्यातील शिक्षकभरतीचेच उदाहरण पुरेसे आहे. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. तिच्यानंतरची चाचणी २०२३ साल उजाडल्यावर झाली. मधली पाच वर्षे अध्यापनाची पदविका किंवा पदवी हाती असलेल्या तरुण-तरुणींनी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. नेमणूक मिळाली तरी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढायची, हा नियम २००० सालापासूनचा आहे. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेली मुलगी सेवेत कायम होते तेव्हा तिशी ओलांडून गेलेली असते. लग्न, घर, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी हे सारे त्या एका आदेशाला टांगलेले असते. अशा मुलीला सेवाग्रामचे दाखले देणाऱ्याने आधी हे कबूल केले पाहिजे, की आश्रमवासीयांच्या पाठीशी जमनालालजींचे औदार्य होते आणि तिच्या पाठीशी कोणी नाही.

म्हणून दोन गोष्टी एकत्र मिसळता कामा नयेत. भरती वेळेवर करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि उमेदवाराच्या सहनशीलतेने ते माफ होत नाही. रिकाम्या वर्गासमोर शिक्षक नाही, आणि शिक्षकाजवळ वर्ग नाही, ही स्थिती उमेदवारांनी निर्माण केलेली नाही. ती दूर व्हावी म्हणून निवेदने, मोर्चे, न्यायालये हे सारे मार्ग त्यांनी अवलंबिले पाहिजेत. तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून घेणे आणि त्याला सेवेचे नाव देणे, हा तर रचनात्मक कार्यक्रमाचा अपमान होईल. मागणी सोडून केलेले काम हे वेठबिगारीच्या जवळ जाते.

परंतु मागणी मान्य होईपर्यंतची वर्षेही त्या मुलीचीच आहेत. ती शासनाच्या खात्यावर जमा होत नाहीत. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते: अपेक्षित बदल उद्या रद्द झाला, तर आजचे काम व्यर्थ ठरेल काय? केवळ वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे घोकण्यात गेलेला दिवस या कसोटीला उतरणार नाही. वाचन न येणाऱ्या शेजारच्या चार मुलांना संध्याकाळी तास-दीड तास शिकवण्यात गेलेला दिवस उतरेल. ती मुले वाचू लागतील, आणि आदेश आला नाही म्हणून त्यांचे वाचन कोणी परत घेणार नाही. त्यातून स्वतःच्या अध्यापनाचाही कस लागेल. आदेश आलाच, तर वर्गात पाऊल टाकणारी व्यक्ती नवशिकी नसेल. दुसऱ्या कोणाला याऐवजी एखादे कसब शिकता येईल, घरच्या शेताचा हिशेब नीट लिहिता येईल, एखाद्या ग्रंथकाराची सर्व पुस्तके क्रमाने वाचता येतील. अभ्यास सोडावा असा याचा अर्थ नाही. दिवसाचा काही भाग तारखेच्या तावडीतून सोडवून घ्यावा, एवढाच अर्थ आहे.

कारकुनाची आणि शिक्षकाची निवृत्तीची प्रतीक्षा याहून सुखाची असते, पण फसवी तीही असते. निवृत्त झाल्यावर वाचन करीन, गावी जाऊन राहीन, संस्थेचे काम पाहीन, असे बेत अनेकांचे असतात. अठ्ठावन्न वर्षे ज्याने पुस्तक उघडले नाही, तो एकोणसाठाव्या वर्षी ते अचानक उघडील, हा भरवसा धूळपेरणीहूनही धाडसाचा आहे. दर रविवारचे दोन तास आजच त्या कामाला दिले, तर निवृत्तीचा दिवस उंबरठ्यासारखा ओलांडता येतो. न दिले, तर तो कड्यासारखा समोर येतो.

वाट पाहिलेला बदल सर्वांनाच पाहायला मिळतो असे नाही, हे शेवटी मान्य करावे लागते. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले. महादेवभाई त्याच वर्षी १५ ऑगस्टला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, दोघेही आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत. स्वराज्य यांपैकी कोणीही पाहिले नाही. गांधीजींनी ते पाहिले, पण ते त्यांच्या मनातले नव्हते. ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडून ते दिल्लीला गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये रचनात्मक कार्यकर्त्यांच्या संमेलनासाठी परतायचे ठरले होते. ३० जानेवारीने ते होऊ दिले नाही. संमेलन मार्चमध्ये भरले, त्यांच्यावाचून भरले.

तरी त्या वर्षांचे काम उभे आहे. सुशीला नायर यांनी आश्रमवासीयांसाठी आणि गावकऱ्यांसाठी चालवलेल्या छोट्या दवाखान्याचे कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय झाले, १९६९ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले, आणि आजही आसपासच्या जिल्ह्यांतील रोगी तेथे रांगा लावतात. मगन संग्रहालय चालू आहे. नयी तालीमच्या आवारात पुन्हा मुलांची शाळा भरते. या मुलांना किंवा त्या रोग्यांना गांधीजी कशाची वाट पाहत होते हे ठाऊक असेलच असे नाही, आणि ठाऊक नसल्याने त्यांचे काही अडतही नाही. प्रतीक्षेच्या दिवसांत जे काम झाले, ते त्यांना रोज उपयोगी पडते आहे.